कॉन्सर्टसाठी सहकुटुंब सीमेपार: दोन-तीन दिवसांच्या प्रवासाची तयारी कोणत्या क्रमाने करावी

शेजारच्या देशात आवडत्या कलाकाराची कॉन्सर्ट जाहीर झाली की बहुतेक कुटुंबे आधी तिकिटे काढतात, मग हॉटेल पाहतात, आणि पासपोर्ट कपाटातून बाहेर येतो तो थेट निघण्याच्या आठवड्यात. या क्रमामुळे तिकिटे हातात असूनही घरातला एखादा जण सीमेच्या अलीकडेच राहतो. एरवीच्या सहलीत तारीख पुढे ढकलता येते. कॉन्सर्टची तारीख आपल्यासाठी हलत नाही. म्हणून सगळी आखणी त्या तारखेपासून मागे मोजत करावी लागते, आणि ज्या गोष्टीला सर्वांत जास्त दिवस लागतात ती सर्वांत आधी हाती घ्यावी लागते.

टप्पा १: तिकीटविक्री सुरू होण्याआधी सगळे पासपोर्ट समोर मांडा

कॉन्सर्टची घोषणा आणि तिकीटविक्री यांच्यामध्ये सहसा काही दिवस मिळतात. त्याच दिवसांत घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून चार गोष्टी पाहाव्यात: मुदत कधी संपते, पासपोर्ट कधी दिला गेला, कोरी पाने किती आहेत आणि फोटो आजच्या चेहऱ्याशी जुळतो का. मुदत शिल्लक असली म्हणजे काम झाले, असे नाही. शेंगेन क्षेत्रातून (आपसांतील सीमांवर सहसा तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असावा लागतो आणि तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. सिंगापूर, मलेशिया आणि संयुक्त अरब अमिराती येथे साधारणपणे सहा महिन्यांची वैधता मागितली जाते. मुलांच्या पासपोर्टची मुदत बहुतेक देशांत मोठ्यांपेक्षा कमी असते. आई-वडिलांचे पासपोर्ट ठीक आहेत आणि मुलाचा संपत आला आहे, ही अगदी नेहमीची अडचण आहे.

घरातल्या सर्वांचे नागरिकत्व एकच नसेल, तर प्रत्येक पासपोर्टचा नियम वेगळा शोधावा. वडिलांना व्हिसा लागत नाही म्हणून आईला किंवा आजीलाही लागणार नाही, असे गृहीत धरू नये. तुम्ही परदेशात निवास परवान्यावर राहत असाल तर आणखी एक प्रश्न येतो आणि तोच सर्वांत जास्त वेळा विसरला जातो: शेजारच्या देशात जाता येईल, पण राहत्या देशात परत येण्याची परवानगी तुमच्या कागदांवर आहे का? एकेरी प्रवेशाचा व्हिसा असलेला माणूस दोन दिवसांसाठी जरी सीमेपार गेला, तरी त्याचा तो प्रवेश वापरला गेलेला असतो.

> सावधान: पासपोर्ट नवा करायचा असेल तर तो आधी करा, प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी नंतर घ्या. अमेरिकेची ईएसटीए किंवा युनायटेड किंग्डमची ईटीए ही परवानगी विशिष्ट पासपोर्टला जोडलेली असते; पासपोर्ट बदलला की ती पुन्हा घ्यावी लागते.

टप्पा २: स्थळाचे वयाचे नियम वाचा

कलाकाराच्या पानावर नव्हे, तर ज्या स्टेडियममध्ये किंवा सभागृहात कॉन्सर्ट आहे त्याच्या स्वतःच्या पानावर हे नियम मिळतात. मैदानातील उभ्याच्या जागेत विशिष्ट वयाखालील किंवा उंचीखालील मुलांना सोडत नाहीत. युनायटेड किंग्डममधील अनेक मोठ्या स्थळांवर ही वयोमर्यादा १४ वर्षे आहे. बसण्याच्या जागांसाठी वेगळी मर्यादा असते आणि ठरावीक वयाखालील मुलाबरोबर प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक असते. मांडीवरच्या बाळालाही अनेक ठिकाणी स्वतंत्र तिकीट लागते.

माझे स्पष्ट मत असे आहे की नियम परवानगी देत असला तरी लहान मुलांबरोबर उभ्याची जागा घेऊ नये. समोरच्या गर्दीमुळे मुलाला काही दिसत नाही, स्वच्छतागृहाला जाऊन आपल्या जागी परत येता येत नाही, आणि गर्दी पुढे सरकली तर मुलाला सांभाळणे मोठ्या माणसाच्या हातात राहत नाही. रांगेच्या टोकाची, पायऱ्यांजवळची बसण्याची जागा जरा मागे असली तरी कुटुंबासाठी तीच चांगली. अतिशय वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे घरातल्या कोणाला झटके येण्याचा धोका असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

टप्पा ३: तिकीट काढताना नाव, तारीख आणि फोन

तारीख वाचताना घाई करू नका. ०५/०६ असे लिहिलेले असेल तर अमेरिकेत तो ६ मे असतो आणि युरोपात ५ जून. महिना अक्षरांत लिहिलेली तारीख कुठे आहे ते शोधून तीच कॅलेंडरमध्ये टाका, आणि वेळ त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे नोंदवा. मार्चचा किंवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार जवळ असेल तर युरोपात घड्याळे एक तासाने बदलतात, हेही पाहून ठेवा. तिकिटावरील वेळ दारे उघडण्याची आहे की कार्यक्रम सुरू होण्याची, हा तिसरा प्रश्न.

काही कॉन्सर्टची तिकिटे नावानिशी असतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहिली जातात. अशा वेळी घरातले लाडके नाव किंवा संक्षिप्त नाव चालत नाही. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव द्यावे लागते. बहुतेक पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी प्रत्येकी ४४ खुणांच्या दोन ओळी असतात. त्यांतील वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग दोन बाणांसारख्या खुणा आणि त्यानंतर दिलेली नावे, असा क्रम असतो. विमानाचे तिकीट, व्हिसाचा अर्ज आणि कॉन्सर्टचे तिकीट या तिन्हींत नावाची विभागणी त्या ओळीवरून करावी. पासपोर्ट क्रमांक भरताना शून्य आणि इंग्रजी ओ यांत गल्लत होते. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे.

आता बहुतेक मोठ्या कॉन्सर्टची तिकिटे केवळ ॲपमध्ये मिळतात, आणि त्यांचा बारकोड अनेकदा ठरावीक सेकंदांनी बदलत राहतो, त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. चार तिकिटे एकाच फोनवर असतील आणि तो फोन बंद पडला, तर चौघेही दाराबाहेर राहतात. तिकिटे दुसऱ्याकडे पाठवण्याची सोय असेल तर दोन मोठ्या माणसांच्या फोनवर दोन-दोन तिकिटे ठेवावीत. ॲप तुमच्या देशाच्या ॲप स्टोअरमध्ये उपलब्ध आहे की नाही, हे निघण्याच्या दिवशी नव्हे, तिकीट घेतल्याच्या दिवशीच पाहावे.

> तपासणी: तिकिटाच्या अटींत परताव्याचा परिच्छेद वाचला का? व्हिसा नाकारला गेला, हे कारण तिकीट विक्रेते सहसा मान्य करत नाहीत. अधिकृत पुनर्विक्रीची सोय आहे का आणि ती कोणत्या तारखेला बंद होते, ते लिहून ठेवा.

टप्पा ४: प्रवेशाची परवानगी

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल करावा लागतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. याचा अर्थ ‘१५ दिवस पुरतात’ असा घेऊ नये. गर्दीच्या मोसमात अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात आणि ते दिवस या मोजणीत धरलेले नसतात. अर्ज त्या देशाकडे करावा जो प्रवासाचे मुख्य ठिकाण आहे. विमान दुसऱ्या शेंगेन देशात उतरत असले, तरी मुक्काम आणि कॉन्सर्ट जिथे आहे तो देश मुख्य ठरतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

अर्जात प्रवासाचा हेतू लपवू नये किंवा गोलगोल लिहू नये. पर्यटन, अमुक तारखेची कॉन्सर्ट, सोबत कुटुंब, इतके स्पष्ट लिहून तिकिटांची प्रत जोडली की छोट्या मुक्कामाचे कारण आपोआप समजते.

व्हिसा लागत नसेल तरी काम संपत नाही. सिंगापूर आणि मलेशिया या दोन्ही देशांत परदेशी पाहुण्यांना आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते, आणि ते आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचे असते. म्हणजे महिनाभर आधी उरकून टाकता येत नाही. सिंगापूरचे अधिकृत आगमनपत्र विनामूल्य आहे, पण त्याच्यासारखी दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळे शोधनिकालांत वर येतात. युनायटेड किंग्डमची ईटीए ज्यांना लागू आहे त्यांच्यात तान्ही बाळेही येतात, प्रत्येकाची स्वतंत्र.

> सावधान: ज्या ठिकाणी तातडीच्या सेवेचे जास्त पैसे मागितले जातात, तिथे आधी पत्ता तपासा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन विभागाच्या पानावरून घ्यावा, जाहिरातीवरून नव्हे.

टप्पा ५: मुलांचे कागद

आई-वडील दोघेही बरोबर असतील तर मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवला की सहसा भागते. आई आणि मुलाचे आडनाव वेगळे असेल तर हा दाखला हवाच.

एकच पालक मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र न्यावे. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोणाबरोबर, कोणत्या देशात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मुक्कामाचा पत्ता आणि संमती देणाऱ्या पालकाचा चालू फोन क्रमांक असावा. त्याच्या पासपोर्टची प्रत जोडावी आणि पत्र नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे. पत्र जाणाऱ्या देशातील अधिकाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत हवे. ताबा एकाच पालकाकडे असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत, आणि दुसरे पालक हयात नसतील तर मृत्यूदाखला सोबत ठेवावा.

कॉन्सर्टच्या प्रवासात आणखी एक प्रसंग हमखास येतो: मुलीला तिची मैत्रीण बरोबर हवी असते. दुसऱ्यांच्या मुलाला सीमेपार नेणे ही मोठी जबाबदारी आहे. तिच्या दोन्ही पालकांचे संमतीपत्र, तिचा व्हिसा, तिचा स्वतंत्र विमा आणि आजारपणात उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा याची लेखी परवानगी, एवढे सगळे हातात आल्याशिवाय तिचे तिकीट काढू नये. सीमेवर अधिकारी कधीकधी थेट मुलालाच विचारतात: हे कोण, कुठे चाललात, आई कुठे आहे? मुलाला उत्तरे पाठ करायला लावू नका. त्याला प्रवासाची खरी माहिती द्या, म्हणजे ते सहज बोलते.

टप्पा ६: मुक्काम आणि वाहन ठरवताना आधी परतीची रात्र

जाण्याची व्यवस्था सगळेच नीट करतात. घोळ होतो तो कॉन्सर्ट संपल्यावर. हजारो माणसे एकाच वेळी बाहेर पडतात, शेवटची गाडी निघून गेलेली असते आणि टॅक्सीचे भाडे वाढलेले असते. त्याच रात्री सीमा ओलांडून घरी परतण्याचा बेत मुलांबरोबर करू नये. रस्त्याने जाणार असाल तर हेही लक्षात घ्या की सगळी सीमानाकी रात्रभर उघडी नसतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली अनेक छोटी नाकी ठरावीक वेळेलाच चालतात. मुक्काम स्थळापासून चालत जाता येईल इतका किंवा रात्री चालू असलेल्या एका थेट मार्गावर असावा, मग खोली थोडी लहान असली तरी चालेल.

रद्द करता येणारे आरक्षण थोडे महाग पडते, तरी या प्रवासासाठी तेच घ्यावे. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्ना येथील टेलर स्विफ्टच्या ८, ९ आणि १० तारखेच्या तिन्ही कॉन्सर्ट दहशतवादी कटाच्या माहितीमुळे ७ तारखेच्या संध्याकाळी रद्द झाल्या, तेव्हा परदेशांतून आलेली कुटुंबे शहरात पोहोचलेली होती. अशा वेळी आयोजक तिकिटाचे पैसे परत करतात, प्रवासाचे आणि मुक्कामाचे नाही. प्रवास विमा घेताना कार्यक्रम रद्द होणे हे कारण त्यात येते का, हे स्वतंत्रपणे विचारावे. नेहमीच्या विम्यात ते बहुधा नसते.

स्वतःची मोटार नेणार असाल तर विमा सीमेपलीकडे लागू आहे का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायला भाडे कंपनीची आगाऊ परवानगी लागते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ आणि १९६८ अशा दोन करारांखाली दिला जातो आणि काही देश त्यांपैकी एकच मानतात. युरोपीय संघात १५० सेंटिमीटरपेक्षा (काही देशांत १३५) कमी उंचीच्या मुलाला योग्य आसन बंधनकारक आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर विग्नेट (महामार्गाचे शुल्क भरल्याची खूण) लागते.

> तपासणी: कॉन्सर्ट संपण्याची अंदाजे वेळ, त्यानंतर गर्दीतून बाहेर पडायला एक तास, आणि मग उपलब्ध असलेली शेवटची दोन वाहने, हे तिन्ही एका कागदावर लिहून पाहा. दुसरे वाहन चुकले तर काय, याचे उत्तर नसेल तर मुक्काम बदला.

टप्पा ७: फोन, पैसे, औषधे

तिकिटाच्या ॲपमध्ये परदेशात पुन्हा लॉगिन करावे लागले तर ओटीपी घरच्या सिमवर येतो. नवीन सिम घालण्यासाठी जुने काढून ठेवले की तिकीट अडकते. म्हणून जुने सिम चालू ठेवून डेटासाठी ई-सिम वापरणे सोयीचे पडते, आणि ओटीपीच्या संदेशांसाठी रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्यावे.

कार्ड देताना यंत्र ‘तुमच्या चलनात पैसे देता का’ असे विचारते. नेहमी स्थानिक चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात दुकानाच्या बँकेचा चढा दर लागतो. वेगवेगळ्या पाकिटांत दोन कार्डे ठेवा.

औषधे मूळ वेष्टनात आणि मूळ घटकाचे नाव असलेल्या चिठ्ठीसह न्यावीत. एका देशात सर्दीसाठी सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात बंदी घातलेले असू शकते: स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि कोडीन किंवा ट्रॅमाडोल असलेल्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत.

टप्पा ८: मुलांचे कान

हा टप्पा कोणाच्याच यादीत नसतो, म्हणून तो वेगळा लिहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या स्थळांसाठी जे मानक सुचवले, त्यात सरासरी आवाज १५ मिनिटांच्या मोजणीत १०० डेसिबलांपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी ८५ डेसिबलांना आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा करतात. त्या हिशेबाने १०० डेसिबलांना १५ मिनिटेच उरतात, तर कॉन्सर्ट दोन-तीन तास चालते.

लहान मुलांसाठी कानांवर बसणारे मफ घ्यावेत. फोमचे बोळे त्यांच्या अरुंद कानांत नीट बसत नाहीत आणि तोंडात जाऊन घशात अडकण्याची भीती असते. मफची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. चष्म्याची काडी, टोपी किंवा जाड वेणी मध्ये आली की फट राहते आणि आवाज आत शिरतो. घरी आठवडाभर आधी अर्धा-अर्धा तास घालून बसायची सवय लावा, नाहीतर पहिल्याच गाण्याला मूल ते काढून फेकते. मोठ्यांनीही बोळे वापरावेत.

टप्पा ९: सीमेवर

सगळ्यांचे पासपोर्ट एकाच माणसाकडे असावेत, पण रांगेत खिडकीजवळ पोहोचल्यावर कव्हर काढून उघडून हातात धरावेत. परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता, कॉन्सर्टची तिकिटे आणि संमतीपत्र कागदावर छापलेले असावे, कारण अनेक ठिकाणी रांगेत फोन वापरू देत नाहीत. शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नवी इलेक्ट्रॉनिक नोंदणी लागू होऊ लागली आहे. पहिल्यांदा जाताना चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. कुटुंबाला यात वेळ लागतो. म्हणून कॉन्सर्टच्या दिवशीच सीमा ओलांडण्याचा बेत टाळून आदल्या दिवशी पोहोचावे.

> सावधान: विमानात पॉवर बँक केबिनच्या सामानातच ठेवावी लागते आणि १०० वॉट-अवरपर्यंत ती विशेष परवानगीशिवाय नेता येते. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते. मात्र तिच्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर ती काढून घेतली जाऊ शकते.

टप्पा १०: कॉन्सर्टचा दिवस

सकाळी स्थळाचे पान पुन्हा उघडा, कारण प्रवेशद्वार आणि वेळा बदलतात. पिशवीचा आकार पाहा: युरोपात अनेक ठिकाणी ए-४ कागदाहून मोठी पिशवी आत नेता येत नाही, अमेरिकेतील बऱ्याच स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते. पाठीवरची मोठी पिशवी हॉटेलमध्येच ठेवा. बाळाचे सामान किंवा वैद्यकीय साहित्य असेल तर आधी लिहून परवानगी घ्या. मूळ पासपोर्ट आत न्यायचा की नाही, हे तिकिटावरून ठरवा. ओळख दाखवावी लागणार नसेल आणि त्या देशात परदेशी पाहुण्यांनी पासपोर्ट सतत जवळ ठेवण्याचा नियम नसेल, तर तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून प्रत बरोबर घ्यावी.

आत शिरल्याबरोबर, गाणी सुरू होण्याआधी, हरवल्यास भेटण्याची जागा मुलांना प्रत्यक्ष दाखवा. ‘दाराजवळ’ असे सांगू नका; विभागाचा क्रमांक किंवा मदतकेंद्राचा फलक दाखवा. गर्दीत नेटवर्क चालत नाही, म्हणून पालकांचा क्रमांक देशाच्या संकेतांकासह कागदाच्या पट्टीवर लिहून मुलाच्या मनगटावर बांधावा. दोन्ही फोन ऐंशी टक्क्यांहून अधिक भरलेले असावेत. मूल दमले तर अर्ध्यावर उठायचे की नाही आणि कोणी उठायचे, हे मोठ्यांनी आधीच ठरवून घ्यावे. अंधारात, आवाजात तो निर्णय होत नाही.

टप्पा ११: परतताना

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली गाडी किंवा विमान घेऊ नये. दुपारचे घ्यावे, म्हणजे मुलांची झोप होते आणि राहिलेली वस्तू शोधायला वेळ मिळतो. हॉटेलच्या खोलीतून निघताना तिजोरी उघडी करून आत हात फिरवून पाहा आणि पासपोर्ट मोजा. सीमेवर बाहेर पडल्याची नोंद सर्वांची झाली आहे का, हे तिथेच पाहावे: शिक्का देणारा देश असेल तर प्रत्येकाच्या पानावर तो उमटलेला असावा. नोंद राहून गेली तर पुढच्या वेळी मुक्काम लांबवल्याचा ठपका येऊ शकतो, म्हणून बोर्डिंग पास आणि वाहनाची तिकिटे त्या देशाचा पुढचा व्हिसा मिळेपर्यंत जपून ठेवावीत.